उंदीर राहतात, घुबडं जातात

विषारी आमिष खाल्लेला उंदीर त्या रात्री मरत नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तो पुन्हा आमिषापाशी येतो, पुन्हा खातो, बिळात जाऊन झोपतो, उठून पुन्हा हिंडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या शरीरात कुठेतरी रक्त झिरपायला लागतं आणि थांबत नाही. मग तो मंदावतो, अडखळतो, भिंतीच्या कडेनं पळायची सवय सोडून उघड्यावर येतो, कधी कधी भर दुपारी. आठवडाभरात संपतो. या मधल्या दिवसांत घुबडाला, मांजराला, धामणीला किंवा कोल्ह्याला तो एरवी कधीच सापडला नसता इतक्या सहज सापडतो. आणि त्याला मारायला जेवढं विष पुरेसं होतं त्याच्या कितीतरी पट विष त्या वेळी त्याच्या पोटात आणि यकृतात असतं.

उंदीरनाशकांमुळे वन्यजीव आणि पाळीव प्राणी मरतात, हे आता कुणी फारसं नाकारत नाही. वाद आहे तो दोष कुणाचा यावर. विष बनवणारे, पेस्ट कंट्रोलवाले आणि पुष्कळदा सरकारी सूचनापत्रकंसुद्धा सांगतात की चूक वापरणाऱ्याची आहे. आमिष उघड्यावर ठेवलं, गरजेपेक्षा जास्त ठेवलं, मेलेले उंदीर उचलले नाहीत. काळजी घेतली की झालं. मला हे पटत नाही. निष्काळजीपणा होतो आणि त्यातून प्राणी मरतात, हे खरंच. पण आज जगभर सर्वाधिक वापरली जाणारी उंदीरनाशकं, म्हणजे रक्त गोठू न देणारी विषं, अगदी लेबलवर लिहिल्याबरहुकूम वापरली तरी घुबडापर्यंत पोचतात, कारण त्यांची काम करण्याची रीतच तशी आहे. त्यामुळे हा प्रश्न सूचनांचा मजकूर ठळक करून सुटणारा नाही. हे विष कुणाच्या हातात द्यायचं, कुठे आणि किती दिवस वापरू द्यायचं, यावर कायद्याचीच मर्यादा हवी.

हे विष असं का आहे ते त्याच्या जन्मकथेतून कळतं. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं विचित्र रीतीनं मरू लागली. शिंगं छाटली किंवा खच्ची केलं की जखमेतून रक्त वाहतच राहायचं. काही जनावरं तर कसलीच इजा नसताना आतल्या आत रक्तस्राव होऊन मरायची. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं माग काढला, तो स्वीट क्लोव्हर नावाच्या चाऱ्याच्या बुरसटलेल्या गंजीपाशी येऊन थांबला. पुढे १९३३च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून वाट काढत विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाकडे आला. सोबत मेलेली कालवड, त्या चाऱ्याचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. लिंक यांच्या प्रयोगशाळेनं १९३९मध्ये चाऱ्यातलं ते द्रव्य वेगळं केलं आणि त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८मध्ये उंदीरनाशक म्हणून बाजारात आलं. काही वर्षांतच तेच रसायन माणसांना रक्त पातळ ठेवण्यासाठी देऊ लागले. १९५५मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं होतं.

रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. शरीर हे व्हिटॅमिन एकदा वापरून टाकून देत नाही. एका एंझाइमच्या मदतीनं ते पुन्हा पुन्हा कामाला लावतं. वॉरफरिन आणि त्याची भावंडं हे एंझाइम बंद पाडतात. तरीही आधी तयार झालेले घटक रक्तात असतात, ते संपेपर्यंत प्राण्याला काहीच जाणवत नाही. तीन-चार दिवसांचा उशीर होतो तो यामुळे, आणि उंदीर मारणाऱ्यांना हा उशीर म्हणजे वरदान वाटला. उंदराला उलटी करता येत नाही. म्हणून तो नवं काही दिसलं की आधी संशय घेतो, थोडंसं चाखतो, आणि त्रास झाला तर त्या पदार्थाला पुन्हा तोंड लावत नाही. झिंक फॉस्फाइडसारखं झटपट विष घातलं की पहिले काही उंदीर मरतात आणि वाचलेले शहाणे होतात. वॉरफरिनच्या बाबतीत मात्र आज खाल्लेल्याचा चौथ्या दिवशीच्या दुखण्याशी संबंध जोडणं उंदराला शक्य नसतं. तो निवांत खात राहतो.

वॉरफरिनची एक बाजू त्यातल्या त्यात बरी होती. ते मारायला अनेक दिवस सलग खावं लागायचं आणि शरीरातून तुलनेनं लवकर उतरायचं. पण १९५८मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिन पचवणारे उंदीर सापडले आणि नंतर इतर देशांतही. यावर शांतपणे विचार करायची ती वेळ होती. उंदरांच्या अनेक पिढ्या विषाला सरावू शकतात, तर विषावरच विसंबून राहावं का, असा प्रश्न पडायला हवा होता. त्याऐवजी रसायन आणखी जहाल केलं गेलं. १९७०च्या दशकापासून दुसऱ्या पिढीची विषं आली: डायफेनाकूम, ब्रोमाडायोलोन, ब्रोडिफॅकूम आणि मागाहून फ्लोकूमाफेन. यांची एकच मात्रा पुरते आणि ती यकृताला घट्ट चिकटून राहते.

इथे थोडा हिशेब करून बघण्यासारखा आहे. ब्रोडिफॅकूमच्या आमिषात सहसा ०.००५ टक्के, म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅम विष असतं. मोठ्या उंदराला मारायला शरीराच्या दर किलो वजनामागे ०.३ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. अडीचशे ग्रॅमच्या उंदरासाठी हे प्रमाण दीड ग्रॅम आमिषात मिळून जातं. पण उंदीर दिवसाला वीसेक ग्रॅम खातो आणि मरायला त्याला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे मरणाची सोय पहिल्या दोन-चार घासांत झाल्यावरही तो कित्येक दिवस विष साठवत राहतो. हे जास्तीचं विष उंदराच्या दृष्टीनं निरर्थक आहे, कारण तो एकदाच मरणार. ते पुढच्याच्या वाट्याला जातं. शिवाय उंदरांच्या लहान जातींवर झालेल्या प्रयोगांत यकृतातलं ब्रोडिफॅकूम निम्म्यावर यायला तीनशे दिवसांच्या आसपास लागल्याचं दिसलं आहे. आज थोडं, पुढच्या महिन्यात थोडं, असं खाणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या अंगात ते साचत जातं.

आता ‘काळजी घ्या’ या सल्ल्याकडे पाहा. कुलूपबंद काळ्या पेटीत आमिष ठेवलं की मूल, कुत्रा किंवा कबुतर त्याला हात किंवा तोंड लावू शकत नाही. हे महत्त्वाचं आहे आणि ते करायलाच हवं. पण पेटीला भोक असतं, कारण उंदरानं आत जाऊन खावं हाच तिचा उद्देश, आणि खाऊन तो बाहेर येतो. पेटीचं काम तिथे संपतं. पुढे तो कुठे जाईल, कुणाच्या तोंडी लागेल, यावर कोणत्याही कुलपाचा ताबा नाही. मेलेले उंदीर गोळा करा, ही सूचनाही कागदावर शोभते. बरेच उंदीर बिळात, भिंतीच्या पोकळीत, गवतात मरतात. आणि ज्यांना घुबडानं जिवंतपणी उचललं ते गोळा करायला उरतच नाहीत.

त्याच पेटीत मुंग्या, झुरळं, भुंगेरे आणि गोगलगायीही जातात. त्यांच्या शरीरात आपल्यासारखी रक्त गोठण्याची व्यवस्था नसल्यामुळे हे विष त्यांना सहसा बाधत नाही. त्या ते घेऊन निघतात आणि कीटक खाणाऱ्या पक्ष्यांपर्यंत, जाहकांपर्यंत (अंगावर काटे असलेल्या छोट्या प्राण्यांपर्यंत) पोचवतात. युरोपात, जिथे गटारांमध्ये तारेला आमिषाचे ठोकळे टांगायची पद्धत आहे, तिथे सांडपाणी सोडलेल्या नद्यांमधल्या माशांच्या यकृतातही ही द्रव्यं मिळाली आहेत. उंदरासाठी ठेवलेलं विष माशात सापडावं, यात कुठल्या घरमालकाचा निष्काळजीपणा शोधायचा?

ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांच्या यकृताची वर्षानुवर्षं तपासणी होते. अलीकडच्या वर्षांत दर पाचांतल्या चारांच्या आसपास घुबडांमध्ये दुसऱ्या पिढीच्या विषाचे अंश असतात. यातली सगळी विषानं मेलेली नसतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बहुतेकांचा मृत्यू गाडीची धडक, उपासमार अशा कारणांनी झालेला असतो. विषाच्या बाजूनं बोलणारे नेमका हाच मुद्दा धरतात. पण अंगात विष असलेला, किंचित मंद झालेला पक्षी गाडीसमोरून वेळेत उडेल का, छोट्या जखमेतून सावरेल का, हा प्रश्न त्यानं निकालात निघत नाही. शवविच्छेदनात ‘गाडीची धडक’ असं एकच कारण लिहिलं जातं, आणि यकृतातला आकडा तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात राहतो.

कॅलिफोर्नियात याचं एक रूप ठळकपणे दिसलं. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका डोंगररांगांत बॉबकॅट या रानमांजरांमध्ये खरजेची साथ आली आणि त्यात पुष्कळ मेली. साधारणपणे खरूज ही रानमांजराचा जीव घेणारी गोष्ट नव्हे. संशोधकांनी तपासलं तेव्हा तीव्र खरूज आणि अंगातलं उंदीरनाशक यांचा दाट संबंध आढळला, आणि पुढच्या अभ्यासांत या विषाच्या संपर्कानं त्यांची प्रतिकारशक्ती बिघडत असल्याची चिन्हं मिळाली. त्याच शहरातल्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणारा, ‘पी-२२’ या क्रमांकानं ओळखला जाणारा पुमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) २०१४मध्ये खरजेनं कुरूप झालेल्या अवस्थेत सापडला. त्याच्या रक्तात उंदीरनाशकं होती. पुमा उंदीर खात फिरत नाही. उंदीर खाल्लेला किंवा थेट आमिष खाल्लेला दुसरा प्राणी त्यानं खाल्ला असणार. त्याला व्हिटॅमिन के देऊन, औषध लावून सोडलं आणि तो आणखी काही वर्षं जगला. ज्या प्राण्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येत नाहीत त्यांना कुणी व्हिटॅमिन के देत नाही.

न्यूयॉर्कमधल्या फ्लाको या युरेशियन घुबडाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातला त्याचा पिंजरा कुणीतरी कापला आणि तो बाहेर पडला. जन्मभर आयतं खाल्लेला हा पक्षी जगेल का, अशी सगळ्यांना शंका होती. तो शिकार करायला शिकला, उंदीर पकडून खाऊ लागला, आणि वर्षभर शहरावर राज्य करून फेब्रुवारी २०२४मध्ये एका इमारतीवर आदळून पडला. तपासणीत कबुतरांपासून आलेला गंभीर विषाणूसंसर्ग निघाला आणि सोबत चार वेगवेगळी उंदीरनाशकं, तीही जिवावर बेतेल इतक्या प्रमाणात. शहरानं उंदीर मारण्यासाठी जे पसरलं होतं ते शहरातला सगळ्यात कार्यक्षम उंदीरमार खात होता.

पाळीव प्राण्यांच्या बाबतीत धोका आणखी थेट असतो. उंदरानं आवडीनं खावं म्हणून आमिषात धान्य, गोडवा, चरबी घातलेली असते, आणि कुत्र्यालाही ते तितकंच आवडतं. कडू द्रव्य मिसळलेलं असतं म्हणून कुत्रा खाणार नाही, या भरवशावर राहू नये. हावरट कुत्रा कडूसकट गिळतो. ब्रोडिफॅकूमला मांजर त्या मानानं बरंच दाद देत नाही, कुत्रा मात्र फार संवेदनशील असतो. काही कुत्र्यांमध्ये दर किलोमागे पाव मिलिग्रॅमच्या आसपासची मात्राही जीवघेणी ठरते. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे पन्नासेक ग्रॅम आमिष झालं, म्हणजे थोडेसेच ठोकळे.

आणि इथे तोच उशीर घात करतो. कुत्र्यानं सोमवारी आमिष खाल्लं तर मंगळवारी तो खेळतो, जेवतो, शेपूट हलवतो. मालकाला वाटतं, काही झालं नाही. गुरुवारी-शुक्रवारी तो सुस्तावतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, खोकला येतो. छातीत रक्त साचत असेल तर बाहेर एक थेंबही दिसत नाही. तेव्हा धावपळ सुरू होते. खरं तर या विषावर उतारा आहे आणि तो चांगला आहे: व्हिटॅमिन के-१, पशुवैद्याच्या देखरेखीखाली, दुसऱ्या पिढीच्या विषासाठी सहसा तीन-चार आठवडे आणि कधी त्याहून जास्त. कुत्रा बरा दिसू लागला म्हणून दहाव्या दिवशी औषध थांबवलं तर यकृतातलं विष पुन्हा डोकं वर काढतं. दुकानात सहज मिळणारं व्हिटॅमिन के-३ इथे उपयोगाचं नाही. घरच्या घरी मीठ पाजून उलटी करवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये, त्यानं वेगळंच संकट ओढवतं. आमिषाचं वेष्टन सोबत घेऊन, लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. वेष्टन महत्त्वाचं, कारण सगळी उंदीरनाशकं एका जातीची नसतात. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लात फॉस्फीन हा विषारी वायू सोडतं, आणि अशा कुत्र्याला बंद खोलीत उलटी झाली तर उपचार करणाऱ्यांनाही तो बाधतो. कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे व्हिटॅमिन डी-३च, पण प्रचंड मात्रेत. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं निकामी होतात. ब्रोमेथॅलिन मेंदूला सूज आणतं आणि त्यावर उताराच नाही.

ब्रोमेथॅलिनचं नाव घेतलं की बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनाही एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २००८मध्ये ठरवलं की दुसऱ्या पिढीची विषं सामान्य ग्राहकाला किरकोळीत विकायची नाहीत. निर्णय योग्य होता. पण दुकानातल्या त्या रिकाम्या फळीवर जे आलं त्यात ब्रोमेथॅलिन होतं, आणि पशुवैद्यांकडे उतारा नसलेल्या विषानं बाधलेले कुत्रे वाढले. एका रसायनाचं नाव घेऊन बंदी घातली की बाजार शेजारचं रसायन उचलतो. चिकट सापळ्यांचंही तसंच. विष नको म्हणून ते लावले जातात आणि त्यात पाली, चिमण्या, साप अडकून तासन् तास तडफडतात. इंग्लंडनं सामान्य लोकांना हे सापळे वापरायला कायद्यानं मनाई केली आहे, ती योग्यच. मांजर पाळा, हा सल्लाही फार विचार करून दिलेला नसतो. मोठ्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही, पक्ष्यांच्या जातं.

मग उंदरांचं काय करायचं? हा प्रश्न कुत्सितपणे विचारला जातो, पण तो खरा आहे. लेप्टोस्पायरोसिस, प्लेग, धान्याची नासाडी, कुरतडलेल्या वायरींमुळे लागणाऱ्या आगी, यातलं काहीच काल्पनिक नाही. ज्याच्या घरात रात्री बाळाच्या पाळण्याजवळ उंदीर फिरतो त्याला घुबडाचं कौतुक सांगायला जाणाऱ्याची मला लाज वाटते. पण त्याच माणसाच्या बाजूनं विचार केला तरी विष हे उत्तर कितपत ठरतं?

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९४०च्या दशकात याची जणू परीक्षाच झाली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले कर्ट रिक्टर यांनी एक नवं विष शोधलं आणि शहरभर मोठ्या उत्साहानं ते पसरलं गेलं. उंदीर मेले. काही काळानं परत आले. त्यानंतर डेव्हिड डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत उंदरांची मोजणी करत एक साधी गोष्ट दाखवून दिली. एखाद्या गल्लीत किती उंदीर राहणार हे तिथलं अन्न आणि निवारा ठरवतात. त्यातले निम्मे मारले तर उरलेल्यांना भरपूर जागा आणि खाणं मिळतं, पिलं जास्त जगतात, आजूबाजूचे आत येतात आणि आकडा पुन्हा जुन्या ठिकाणी येऊन ठेपतो. याउलट कचरा झाकला, पडक्या फळ्या आणि भोकं बुजवली, तिथे उंदीर कमी झाले ते कमीच राहिले. ही माहिती पाऊणशे वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर चालणारा धंदा मोठा होत नाही, एवढाच तिचा दोष.

विषानं यात आणखी एक तोटा होतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, पिलं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालायच्या वयाला येतात. मोठ्या जातीचं घुबड वर्षातून एकदाच अंडी घालतं आणि त्यातली दोन-तीन पिलं मोठी झाली तर नशीब. विष पेरल्यावर दोघंही मेले, असं समजा. सहा महिन्यांनी उंदीर पूर्वीइतके होतात, घुबडाची जागा मात्र अनेक वर्षं रिकामी राहते. गव्हाणी घुबडाची एक जोडी पिलांसकट वर्षाला हजाराहून जास्त उंदीर खाते. ती जोडी गेली की पुढच्या हंगामात विष जास्त लागतं, आणि जास्त विष घातलं की पुढची जोडी येऊन टिकत नाही. गिऱ्हाईक कायम राहावं म्हणून कुणी मुद्दाम योजना आखली असती तरी ती याहून चांगली जमली नसती. मलेशियातल्या तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्राएलमधल्या शेतांत घुबडांसाठी लाकडी पेट्या लावण्याचे मोठे प्रयोग झाले आहेत. ते जादूचे नाहीत, घुबडं सगळे उंदीर संपवत नाहीत. पण विषाच्या मळ्यात पेटी लावणं म्हणजे पाहुण्याला बोलावून विषारी ताट वाढणं, हे तिथल्या लोकांना नीट कळलं आहे.

रोगाच्या मुद्द्यावरही सरधोपट गणित चालत नाही. व्हँकूव्हर शहरातल्या एका अभ्यासात काही गल्ल्यांमधले उंदीर सापळे लावून मारले. नंतर उरलेल्या उंदरांमध्ये लेप्टोस्पायराचं प्रमाण उलट वाढलेलं आढळलं. अर्धवट कत्तलीनं त्यांच्या टोळ्या विस्कटतात, मारामाऱ्या आणि नवे संबंध वाढतात आणि जंतू फिरतो, असा संशोधकांचा कयास आहे. एका अभ्यासावर सगळी भिस्त ठेवू नये. पण ‘जितके मारू तितका रोग कमी’ हे गृहीतक तपासल्याशिवाय वापरू नये, एवढं तरी त्यातून निघतं.

विषाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद पेस्ट कंट्रोलवाल्यांकडून येत नाही, तो निसर्ग संरक्षण करणाऱ्यांकडूनच येतो. दूरच्या बेटांवर जहाजांसोबत पोचलेल्या उंदरांनी समुद्रपक्ष्यांच्या अंड्या-पिलांचा फडशा पाडला, आणि तिथे ब्रोडिफॅकूम हेलिकॉप्टरमधून टाकून बेटं उंदीरमुक्त केली गेली. दक्षिण जॉर्जिया हे मोठं बेट २०१८मध्ये उंदीरमुक्त जाहीर झालं आणि तिथले पक्षी परतले. अल्युशियन बेटांतल्या रॅट आयलंडवर २००८मध्ये हेच केलं तेव्हा ४६ टकल्या गरुडांसकट चारशेहून जास्त पक्षी मेलेले सापडले. तरीही बेट उंदीरमुक्त झालं, घरटी वाढली आणि त्याला हवाडाक्स हे जुनं नाव परत मिळालं. मला हा वापर समर्थनीय वाटतो. पण त्याच्या अटी पाहा. चारी बाजूंनी समुद्र, म्हणजे नवे उंदीर येणार नाहीत. एकदाच, शेवटच्या उंदरापर्यंत, आणि मग कायमचं बंद. किती पक्षी मरतील याचा आधी अंदाज आणि नंतर जाहीर मोजदाद. इमारतीच्या पायाशी बारा महिने भरून ठेवलेल्या आमिषाच्या पेटीत यातली एक तरी अट पाळली जाते का? बेटांचं उदाहरण देऊन शहरातल्या नित्याच्या विषाचं समर्थन करणं म्हणूनच अप्रामाणिक आहे.

काही ठिकाणी कायदा या दिशेनं सरकला आहे. युरोपीय संघात २०१८पासून किलोमागे ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रमाणाची ही विषं सामान्य ग्राहकाला विकता येत नाहीत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २०२१मध्ये दुसऱ्या पिढीच्या विषांवर तात्पुरते आणि २०२३मध्ये कायमचे निर्बंध घातले, अत्यावश्यक सेवांना सवलत ठेवून. कॅलिफोर्नियानं २०२१पासून दुसऱ्या पिढीवर निर्बंध आणले आणि मग टप्प्याटप्प्यानं पहिल्या पिढीचीही विषं त्यात ओढली; पी-२२च्या रक्तात सापडली होती तीही पहिल्याच पिढीची. न्यूयॉर्कच्या नगर परिषदेनं २०२४मध्ये फ्लाकोच्या नावानं ओळखला जाणारा कायदा मंजूर केला, ज्यात उंदरांना गर्भनिरोधक आमिष देऊन पाहण्याचा प्रयोग आहे. त्याचं काय होईल ते दिसेलच. मला स्वतःला त्याबद्दल फार उत्साह नाही. खाणं तसंच पडून राहिलं तर गर्भनिरोधकही विषासारखंच न संपणारं कंत्राट होऊन बसेल.

माझ्या मते नियम रसायनांच्या यादीभोवती रचण्यापेक्षा वापराच्या पद्धतीभोवती रचायला हवेत. पहिली गोष्ट, कायमस्वरूपी आमिष बेकायदा असावं. उंदरांची लागण दिसली, मोजली, ठरावीक आठवडे विष घातलं, उरलेलं सगळं उचललं आणि नोंद केली, एवढ्यापुरतीच परवानगी. ‘खबरदारी म्हणून’ भरून ठेवलेली पेटी उंदीर नसताना गोगलगायींना आणि रानातल्या निरुपद्रवी उंदरांना खायला घालते. दुसरी, ज्या विषावर उतारा नाही ते घरगुती विक्रीत मुळीच नको. आणि तिसरी, विष हे शेवटचं साधन आहे हे लेबलवर छापून भागणार नाही, बिलात दिसलं पाहिजे.

हे बिलाचं जरा स्पष्ट करतो, कारण बहुतेक जागी गाडं तिथेच अडतं. इमारतीचं किंवा गोदामाचं कंत्राट होतं ते इतक्या पेट्या, महिन्यातून इतक्या फेऱ्या, असं. फेरीला येणारा माणूस पेटी उघडतो, खाल्लेला ठोकळा बदलतो, कार्डावर सही करतो आणि जातो. ठोकळा जितका खाल्ला जाईल तितकं काम झाल्याचं दिसतं. दारखालची फट मोजायला त्याला कुणी सांगितलेलं नसतं, पैसे तर नाहीतच. लहान उंदराला आत यायला ६ मिलिमीटरची फट पुरते, साध्या पेन्सिलीएवढी. मोठ्या उंदराच्या पिलाला त्याच्या दुप्पट. ही भोकं पोलादी जाळी आणि सिमेंटनं बुजवणं, पाइपभोवतीची पोकळी भरणं, दाराला पत्र्याची पट्टी लावणं, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण बसवणं, आत शिरलेल्यांसाठी चाप लावून तो रोज तपासणं, ही कामं कंटाळवाणी आहेत आणि एकदा नीट केली की पुन्हा पुन्हा बिल लावता येत नाही. म्हणून कंत्राट उलटं लिहायला हवं. पहिला हप्ता भोकं शोधून त्यांचा नकाशा दिल्यावर, दुसरा ती बुजवल्यावर, तिसरा सहा महिन्यांनी ताज्या लेंड्या आणि कुरतडल्याच्या खुणा नसतील तर. विष वापरलंच तर कोणतं, किती ग्रॅम, कोणत्या तारखेला ठेवलं आणि कोणत्या तारखेला उचललं, हे लेखी, आणि ते त्या जागेत राहणाऱ्या, तिथे कुत्रा-मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाला बघायला मिळेल अशा ठिकाणी लावलेलं. असं कंत्राट मागायला कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वेळी नूतनीकरणाचा कागद समोर येईल तेव्हा सही करण्याआधी एवढंच विचारायचं, की यात भोकं बुजवण्याची रक्कम कोणत्या ओळीत आहे.